दिंडीचा कचरा आणि शाळेची पोरं

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळींनी लेख वाटून घेतले. कुणी मूळ पुरुषांचं चरित्र घेतलं, कुणी विणेकऱ्यांची परंपरा, कुणी अन्नदात्यांची यादी. अध्यक्षांनी माझ्याकडं बघून विचारलं, "महाराज, तुम्ही काय लिहिता?" मी म्हणलं, "मी कचऱ्यावर लिहितो." सगळे हसले. मीही हसलो. पण खरंच लिहायला बसलो.

मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. मला बोलायची सवय आहे, लिहायची नाही. नातीनं शुद्धलेखन तपासून दिलं आहे. तरी कुठं बोलल्यासारखं राहिलं असेल तर वाचक माउलींनी सांभाळून घ्यावं.

आता तुम्ही म्हणाल, दिंडीच्या इतिहासात कचऱ्याचं काय काम? माउली, माणूस गेल्यावर मागं काय ठेवून गेला, यावरून त्याचा इतिहास कळतो. दिंडीचंही तसंच आहे. शंभर वर्षांत आपण मुक्कामाच्या गावांत मागं काय काय ठेवलं, ते बघू.

जुन्या दिंडीचं सामान

माझे आजे दिंडीत होते. पारनेर तालुक्यातून निघायचं, श्रीगोंद्याला शेख महंमद महाराजांच्या गावी मुक्काम करायचा, पुढं राशीन, जेऊर, टेंभुर्णी करत पंढरपूर गाठायचं. सामानाला एक बैलगाडी. माणसं पन्नास-साठ. प्रत्येकाच्या पाठीला एक पडशी. तिच्यात एक वाकळ, एक धोतर किंवा लुगडं, एक पितळी, एक तांब्या आणि दशम्या. वाकळ जुन्या लुगड्यांची. लुगडं फाटलं की वाकळ, वाकळ फाटली की पोतेरं, पोतेरं कुजलं की उकिरडा आणि उकिरडा शेतात. एका लुगड्याला असे चार जन्म मिळायचे.

गावानं पंगत दिली तर पळसाच्या पानाच्या पत्रावळी. बायाबापड्या आदल्या दिवशी पानं आणून चोयांनी टाचून ठेवायच्या. जेवण झालं की पत्रावळी उकिरड्यावर जायच्या. गुरं त्यातलं खायचं ते खायची, बाकीचं दोन महिन्यांत कुजून जायचं. दिंडी हलली की मागं तीन दगडांच्या चुली आणि राख एवढंच राहायचं. ती राखही लोक भांडी घासायला न्यायचे.

म्हणून आपले पूर्वज पर्यावरणाचे मोठे जाणकार होते, असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलावं? ते गरीब होते. टाकायला त्यांच्याकडं काही नव्हतंच. पण गरिबीनं का होईना, त्यांच्या हाताला एक वळण होतं. वस्तू हातात आली की ती पुढं कुठं जाणार हे त्यांना माहीत असायचं. "बारा वर्षांनी उकिरड्याचेही दिवस पालटतात" अशी आपल्याकडं म्हण आहे. उकिरड्याचं खत होतं आणि खताचं सोनं होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याच तोंडी ती म्हण शोभते.

माझी शाळा

मी शाळेत गेलो तेव्हा शाळा मारुतीच्या देवळात भरायची. दर शनिवारी सकाळची शाळा, आणि शनिवारी सारवण. मुली शेण आणायच्या, मुलं पाणी. गुरुजी स्वतः धोतर खोचून बसायचे. त्या वेळी 'पर्यावरण' हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. पाटीवर लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं. वर्षाकाठी पास झालेल्या पोराची पुस्तकं खालच्या वर्गातलं पोरगं निम्म्या किमतीला घ्यायचं. एकेक पुस्तक तीन-चार पोरांच्या हातून जायचं. जुन्या वहीतली कोरी पानं काढून आई दाभणानं शिवून द्यायची. माझं दप्तर आजोबांच्या जुन्या धोतराचं होतं.

मग 1972 चा दुष्काळ पडला. आमच्या भागात तर आधीच्या वर्षापासूनच ओढ होती. शाळा सुटली आणि मी खडी फोडायच्या कामावर गेलो. दुपारी सुकडी मिळायची. ती घ्यायला घरून वाटी न्यायची. माझं शिक्षण तिथं संपलं. पुढचं सगळं शिक्षण दिंडीत झालं. अक्षर विसरू नये म्हणून मी हरिपाठ वाचत राहिलो आणि वाचता वाचता कीर्तनाला उभा राहिलो.

झाडू धरणारी माणसं

कचऱ्याचं शिक्षण आपल्याकडं आताच आलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आपल्याच पारनेरचे सेनापती बापट. पांडुरंग महादेव बापट, जन्म 12 नोव्हेंबर 1880. इंजिनिअरिंग शिकायला विलायतेला गेलेला माणूस. तिकडून परत आल्यावर, इंग्रजांचा ससेमिरा चुकवून झाल्यावर, ते पारनेरला राहिले आणि हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागले. गटारी साफ केल्या, संडास साफ केले. शिकलेल्या ब्राह्मणानं हे काम करावं, हे त्या काळच्या लोकांना पचलं नाही. पुढं मुळशीच्या सत्याग्रहानं ते सेनापती झाले आणि सगळ्या देशाला कळले. पण आमच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना सेनापतींच्या हातातली तलवार आठवायची नाही, झाडू आठवायचा.

दुसरे गाडगेबाबा. त्यांचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. जातीनं परीट. शाळेचं तोंड पाहिलं नाही. 1905 साली घर सोडलं. अंगावर चिंध्यांचा सदरा, एका हातात गाडगं, एका हातात खराटा. गावात गेले की आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. बाबा पंढरपूरला जायचे, पण देवळात जायचे नाहीत. वाळवंट झाडायचे, घाट झाडायचे आणि तिथंच कीर्तनाला उभे राहायचे. अस्पृश्य वारकऱ्यांची सोय व्हावी म्हणून त्यांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेच्या हवाली केली.

मी कीर्तनकार म्हणून सांगतो, बाबांचं कीर्तन म्हणजे शाळाच होती. आम्ही कीर्तनकार बोलतो आणि लोक ऐकतात. बाबा विचारायचे आणि लोक उत्तर द्यायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचं ही त्यांची रीत. प्रसंगी जेवायचं ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शिकवा, असं ते सांगत. हे ताटाचं बोलणं ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे.

तिसरी गोष्ट वर्ध्याची. 1937 साली तिथं गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद झाली आणि 'नई तालीम' निघाली. पोरानं हातानं काम करत करत शिकायचं, हा तिचा पाया. शाळेतली सफाई हाही त्यात अभ्यासच होता. झाडायला वेगळा माणूस ठेवायचा नाही. तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत गावाच्या शुद्धीवर अध्याय घातला. म्हणजे बघा, शाळेत कचऱ्याचं शिक्षण द्यायचं हा विचार परदेशातून आलेला नाही. तो आपल्याच अंगणातला आहे, मधल्या काळात आपण तो विसरलो.

प्लॅस्टिक आलं

प्लॅस्टिक एका दिवसात आलं नाही. आधी खताची गोणी प्लॅस्टिकची झाली. ती आम्हाला आवडली, कारण पावसात घोंगडीसारखी डोक्यावर घेता यायची. मग तेल पिशवीत आलं, दूध पिशवीत आलं. मग रुपया-दोन रुपयांच्या पुड्या आल्या, शाम्पूच्या, खाऊच्या, तंबाखूच्या. दिंडीही वाढली. साठ माणसांची साडेतीनशे झाली. बैलगाडी गेली, ट्रक आला. अन्नदाते वाढले. कुणी थर्माकोलच्या ताटल्या दिल्या, कुणी ग्लासांची खोकी दिली, कुणी पाण्याच्या पाउचची पोती दिली. देणाऱ्याच्या मनात भावच होता. आम्ही घेताना नमस्कार केला. मागं काय राहतंय, हे वळून कुणी बघितलं नाही. दिंडीत पुढं बघून चालायचं असतं ना!

माझे डोळे पहिल्यांदा उघडले ते गायीमुळं. गावात सप्ताह झाला. काल्याच्या दिवशी मोठी पंगत उठली. उष्ट्या ताटल्या आणि पिशव्या देवळामागच्या उकिरड्यावर टाकल्या. सप्ताहाच्या नियोजनात मी होतो. नंतर काही महिन्यांनी माझी गाभण गाय खाईना. पोट नगाऱ्यासारखं आणि अंगावर हाडं. डॉक्टर म्हणले, पोट फाडून बघावं लागेल. फाडलं. घमेलंभर पिशव्या निघाल्या, एकमेकींत पीळ पडलेल्या, दोरखंडासारख्या. गाय वाचली नाही. पोटातलं वासरूही गेलं.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. गाय चावून चावून निवडत नाही, ओढून गिळते. पिशवीला मिठाचा, अन्नाचा वास असतो. ती पोटात गेली की पचत नाही आणि पुढंही सरकत नाही. हळूहळू जागा भरते. गाईला पोट भरल्यासारखं वाटतं आणि ती भरल्या पोटानं उपाशी मरते. माउलींनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली आणि शेवटी पसायदानात सगळ्या प्राणिमात्रांसाठी मागणं मागितलं. नेवासे आपल्याच जिल्ह्यात. आणि त्याच जिल्ह्यात आम्ही काल्याच्या प्रसादाबरोबर गाईला मरण वाढलं. हे मी कीर्तनात कधी सांगितलं नव्हतं. आज लिहितो.

सरकारचं अभियान आणि कायदे

2000-01 साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. गावागावांत चढाओढ लागली. त्यातच शाळांसाठी साने गुरुजींच्या नावानं आणि अंगणवाड्यांसाठी सावित्रीबाईंच्या नावानं स्पर्धा असायची. पंढरीच्या मंदिराचं दार हरिजनांना उघडावं म्हणून 1947 साली उपोषण केलेल्या साने गुरुजींचं नाव शाळेच्या स्वच्छतेला दिलं, हे मला फार योग्य वाटलं. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार ही आपल्या जिल्ह्यातली गावं श्रमदानासाठी आधीच नावाजलेली होती. त्यामुळं आमच्याही गावानं कंबर कसली. तेव्हा पहिल्यांदा मी शाळेत दोन खड्डे बघितले, एक ओल्या कचऱ्याचा आणि एक सुक्याचा.

कायदेही होत गेले. सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली आणि परत 2003 साली पर्यावरणाचा विषय शाळेत शिकवलाच पाहिजे असं सांगितलं. 2016 च्या नियमानं ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायचा ठरला. 23 मार्च 2018 ला राज्यानं प्लॅस्टिकबंदी काढली. 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, ग्लास, चमचे देशभर बंद झाले. कायदा झाला म्हणजे माल बंद झाला असं नाही, हे बाजारात जाणाऱ्याला सांगायला नको. आमचं वळण बदललं ते कायद्यानं नाही. एका शाळेतल्या पोरांनी ते बदललं.

त्या सकाळची गोष्ट

2011 सालची आषाढीची वारी. श्रीगोंदा मागं टाकल्यावर एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम होता. गावाचं नाव लिहीत नाही, चूक आमची होती. रात्री कीर्तन माझं होतं आणि विषय होता गाडगेबाबा. चांगलं रंगलं. लोक रडले, हसले. मी खराट्याचा महिमा तासभर सांगितला. पहाटे काकडा झाला, चहा झाला, नाष्टा झाला आणि साडेपाचला दिंडी हलली.

सात-आठ मैल गेल्यावर ध्यानात आलं की विण्याची गवसणी शाळेच्या ओट्यावर राहिली. एका पोराच्या मोटारसायकलवर बसून मी माघारी आलो. साडेदहा झाले असतील. शाळा भरली होती, पण पोरं वर्गात नव्हती. सगळी पटांगणात वाकलेली होती. आमच्या ताटल्या, आमचे ग्लास, आमचे पाण्याचे पाउच वेचत होती. रात्री पाऊस शिंपडलेला, त्यामुळं सगळं चिखलात रुतलेलं.

मी गुरुजींना हात जोडले. गुरुजी भले होते. म्हणले, "राहू द्या महाराज. वारी आहे, वर्षातून एकदाच. ही या आठवड्यातली तिसरी दिंडी." तिसरी दिंडी! तो माणूस मला धीर देत होता आणि माझी मान खाली खाली चालली होती.

पण गुरुजींनी नुसतं वेचून घेतलं नव्हतं. पोरांनी ढीग वेगळे केले होते. शिळं अन्न आणि फुलं एका बाजूला, भंगारवाला घेईल ते दुसऱ्या बाजूला आणि कुणीच घेणार नाही ते तिसऱ्या बाजूला. फळ्यावर पाच-पाच रेघांचे जुडगे मारून मोजणी चालली होती. गणिताचा तास तिथंच झाला होता. तिसरा ढीग सगळ्यात मोठा होता.

व्हरांड्यात पोरांच्या खिचडीच्या ताटल्या रचून ठेवल्या होत्या, लख्ख घासलेल्या. 1995 साली शाळेतल्या पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायला लागला आणि पुढं शाळेतच खिचडी शिजायला लागली, तेव्हापासून पोरं आपली ताटली आपण धुतात. त्या ताटल्यांजवळ एक चौथीतली पोरगी उभी होती. तिनं मला विचारलं, "बाबा, तुमच्या दिंडीत ताटल्या नसत्यात का?"

पोरगी टोचून बोलली नाही. तिला खरंच वाटलं असावं की आमच्याकडं नसतील. मला उत्तर सुचलं नाही. मी चौथी शिकलेला आणि ती चौथीत शिकणारी. आम्ही दोघं एकाच वर्गातले, पण तिचा धडा माझ्यापुढं होता. गाडगेबाबा असेच प्रश्न विचारायचे, आणि रात्री मी त्याच गाडगेबाबांवर टाळ्या घेतल्या होत्या. मी गवसणी बाजूला ठेवली आणि पोरांबरोबर वेचायला बसलो. दुपारच्या विसाव्याला दिंडीत पोचलो तेव्हा जेवलो नाही.

दिंडीतला वाद

त्या रात्री मी मंडळींपुढं विषय काढला. पुढच्या वर्षीपासून प्रत्येकानं आपली ताटली आणि आपला पेला आणायचा. मोठा वाद झाला. आता हसू येतं, पण विरोध करणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पहिला मुद्दा पाण्याचा. साडेतीनशे ताटल्या धुवायला पाणी कुठून आणायचं? आपला टापू दुष्काळी. कैक मुक्कामांना पाणी टँकरचं. दुसरा मुद्दा बायांचा. एक आक्का उभ्या राहिल्या आणि स्पष्ट म्हणल्या, "ठरवणार तुम्ही आन् घासणार आम्ही. घरी घासतो, वारीत पण घासायच्या का?" तिसरा मुद्दा अन्नदात्यांचा. त्यांनी प्रेमानं आणलेल्या ताटल्या नाकारल्या तर ते दुखावतील.

उत्तरं आम्हाला हळूहळू सापडली. आक्कांच्या मुद्द्यावर ठराव झाला की ज्याची ताटली त्यानंच घासायची, मग तो विणेकरी असो, चोपदार असो नाहीतर कीर्तनकार. पहिल्या दिवशी मी सगळ्यांपुढं बसून माझी घासली. पाण्याच्या मुद्द्यावर म्हातारी माणसं कामाला आली. आधी ताटलीतलं खरकटं संपवायचं. मग चुलीची कोरडी राख चोळून ताटली पुसायची. मग तीन टोपल्यांतून काढायची. पहिल्या टोपल्यात राख निघते, दुसऱ्यात ओशटपणा आणि तिसऱ्यात नुसती विसळायची. पहिल्या टोपल्याचं पाणी काळं झालं की झाडाला घालायचं आणि दुसरा पहिल्या जागी सरकवायचा. नळाखाली एकेक धुण्यापेक्षा यात कितीतरी कमी पाणी लागतं. अन्नदात्यांना मात्र वारीच्या दोन महिने आधी जाऊन भेटावं लागलं. ताटल्यांऐवजी गूळ द्या, डाळ द्या, टँकर द्या, म्हणून विनवावं लागलं. एक सज्जन रागावले आणि दोन वर्षं बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांनीच पाण्याचा टँकर दिला.

पहिल्या वर्षी फजिती पुष्कळ झाली. ताटल्यांची अदलाबदल झाली, भांडणं झाली. मग प्रत्येक ताटलीवर नाव कोरून घेतलं. 2020 आणि 2021 ला महामारीमुळं पायी वारी झाली नाही. त्यानंतर निघालो तेव्हा लोक परत कागदी ग्लास घेऊन आले. परत पहिल्यापासून सांगावं लागलं. आजही चहाच्या वेळी आपण हरतोच. मी काही आपली आरती ओवाळत नाही, आहे ते सांगतो.

पोरांकडून मी शिकलो ते

माझी नात शाळेतून आली की मी तिला विचारत बसतो. तिचं शिकलेलं आणि माझं शेतीतलं मिळून चार गोष्टी सांगतो. ज्यांच्या घरी शाळेतलं पोर आहे त्यांनी ताडून बघाव्यात.

एक, क्रम महत्त्वाचा. आधी नको ती वस्तू घ्यायचीच नाही. घेतली तर परत परत वापरायची. तेही होईना तेव्हा भंगारात देऊन तिची नवी वस्तू होऊ द्यायची. आपण तिसऱ्यापासून सुरुवात करतो आणि पहिल्याला विसरतो.

दोन, भंगारवाला हा मोठा गुरू. बाटली, पत्रा, पुठ्ठा, लोखंड तो घेतो, कारण ते वितळवून किंवा भिजवून परत वस्तू करता येते. खाऊची चकचकीत पुडी तो घेत नाही. तिच्यात प्लॅस्टिक आणि चंदेरी पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. कागदी ग्लासाचंही तसंच. बाहेरून कागद, पण चहानं भिजू नये म्हणून आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. कागद समजून तो खड्ड्यात टाकू नका.

तीन, जाळू नका. प्लॅस्टिक जाळलं की विषारी धूर होतो आणि तो शेकोटीला बसलेल्या पोरांच्याच छातीत जातो.

चार, ओला कचरा म्हणजे कचराच नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी शेतकऱ्याला जाळीदार विटांचं टाकं दिलं. साधारण 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे आणि वरून लिंपायचं. भिंतीतल्या भोकांतून हवा खेळते आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. अशा टाक्याला फार खर्च येत नाही. ज्या शाळेत खिचडी शिजते आणि झाडाचा पाला पडतो, तिथं ते सहज चालतं. पोरांनी आपल्या हातानं टाकं भरलं आणि त्याच खतावर वांगी पिकवली की पुस्तकातला धडा पोटात उतरतो.

अलीकडं शाळांमधून 'स्वच्छता मॉनिटर' आलेत. रस्त्यात कुणी कचरा टाकला किंवा थुंकलं की पोरांनी त्याला नम्रपणे थांबवायचं आणि चूक दुरुस्त करायला लावायची. पोरानं थांबवलं तर मोठ्यांनी डोळे वटारू नयेत. मलाही एका पोरीनं थांबवलं होतं.

एक तक्रार मात्र मांडतो. एका ठिकाणी मी बघितलं, शाळेत पोरांनी ओला-सुका वेगळा केला, फोटो निघाले आणि गाडीवाल्यानं पोरांच्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे एकाच गाडीत रिकामे केले. पोरं काही बोलली नाहीत. पण त्या दिवशी ती काय शिकली? की हे सगळं खोटं असतं. शाळेतला धडा वेशीपाशी अडला तर दोष पोरांचा नाही आणि गुरुजींचाही नाही. तो गावाचा आणि तुमच्याआमच्यासारख्या माळ घालणाऱ्यांचा आहे.

पुढच्या शंभर वर्षांसाठी

शताब्दीनिमित्त मंडळींपुढं माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, मुक्कामाच्या प्रत्येक शाळेतून निघताना दिंडीतल्या पाच माणसांनी मागं थांबावं, पटांगण झाडावं आणि गुरुजींना दाखवूनच पुढं यावं. दुसरी, जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून वाटेवरच्या शाळांतल्या पोरांना प्रसाद म्हणून द्याव्यात. आमच्या गावच्या बचतगटाच्या बायांनी शिवून द्यायचं कबूल केलं आहे. तिसरी, प्रस्थानाच्या दिवशी गावच्या शाळेतल्या पोरांना पहिल्या मैलापर्यंत दिंडीत घ्यावं आणि त्यांच्याच हातानं आपल्या ताटल्या तपासून घ्याव्यात. पोरं ढिलाई करत नाहीत.

ती पोरगी आता शिकून मोठी झाली असेल. कुठं असेल माहीत नाही. त्या शाळेत आपला मुक्काम अजून असतो. मागच्या आषाढीला पहाटे निघताना मी मुद्दाम मागं थांबलो. कंदील घेऊन पटांगण फिरलो. कोपऱ्यात कागदी ग्लास सापडले, सात. ते पडशीत टाकले आणि चालू लागलो.

पुढच्या वर्षी सातही नसावेत, एवढं पांडुरंगाजवळ मागतो. पण ते काम पांडुरंगाचं नाही, आपलं आहे.

रामकृष्ण हरी.